येथे

मोहदरीचा घाट चढून आलं
की सिन्नरच्या अलीकडे, डाव्या हाताला,
रसवंतीच्या मागे एक दगड उभा आहे.
ताडपत्रीची दोरी त्याच्याच गळ्यात बांधलेली.
वाचायला वाकावं लागतं,
आणि वाकलं की चरकाचे घुंगरू थेट कानात.

येथे जनरलसाहेबांनी
काही काळ विश्रांती घेतली.
खाली तारीख. तारखेतला नऊ हा आधी एक होता,
बोट फिरवलं की कळतं.

अक्षराला सहा आणे.
नवे पैसे येऊन बरीच वर्षं झाली होती,
पण माझा बाप सायाजी पाथरवट आण्यातच मोजायचा.
सरपंच दगूआबांनी कागदावर बारा ओळी आणल्या होत्या,
शूर, रणधुरंधर, पावन पदस्पर्श, समस्त ग्रामस्थ.
बाप एकेका शब्दावर खडू टेकवून किंमत सांगत गेला
आणि आबा एकेक शब्द सोडत गेले,
बाजारात मेथीची जुडी परत ठेवावी तसे.
'रणधुरंधर' फार महाग पडला.
'ग्रामस्थ' तर आपणहूनच निघून गेले.
कानामात्रेचे पैसे धरायचे का,
यावर दोन चहा झाले.

मी सहा वर्षांची. माझं काम पाणी मारायचं.
छिन्नी थांबली की मडक्यातलं पाणी ओतायचं,
भुकटी वाहून जायची, अक्षर उघडं पडायचं.
शाळेच्या आधी मी 'य' असा शिकले,
बोट घालून, ओला, कडेला धारदार.
'येथे' हा माझा पहिला शब्द.
त्याचा अर्थ मला वाटायचा, गार.

विश्रांती तशी कुणी घेतलीच नव्हती.
घाटमाथ्यावर जीपचा पट्टा तुटला, एवढंच.
बॉनेटमधून वाफ, ड्रायव्हर रडकुंडीला,
साहेब रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात,
आणि बाभळीखाली
मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या सहा बायका.
ठकूबाई उठली. बोलली काहीच नाही.
दातांत धरून लुगड्याचा काठ टर्रकन फाडला,
पीळ दिला, गाठ मारली
(दिवसाला हजार गाठी मारणारा हात तो)
आणि ड्रायव्हरपुढे धरला.
जीप नगरपर्यंत गेली म्हणतात.
काठ परत आला नाही.

ठकूबाई. चार अक्षरं, दीड रुपया.
बापानं आबांना विचारलं होतं.
आबा म्हणाले, राहू दे, दगडात जागा नाही.
होती. अजूनही आहे, तारखेखाली वीतभर.

पुढे रस्ता दुपदरी झाला, दगड मागं सरला.
चौपदरी झाला, ओढ्यापलीकडे गेला.
तिसऱ्यांदा क्रेनवाल्यानं तो इथे उतरवला,
कारण त्याला रस प्यायचा होता.
खरी जागा आता दुभाजकात आहे,
कण्हेरीच्या मुळांशी,
तिथे थांबायला मनाई.
मी कंत्राटदाराच्या पोराला म्हटलं,
दगड हलवलास तर 'येथे' खोटं पडतं रे.
तो म्हणाला, मावशी, जिथं ठेवू तिथं येथेच की.
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

ठकूबाईनं ते लुगडं आणखी चार वर्षं नेसलं,
फाटकी बाजू निऱ्यांत दडवून.
पोरी विचारायच्या, जनरल कसा होता गं?
ती दोरा तोडत म्हणायची,
मोठा असंल, बाई.
मला पट्टा तुटलेला माणूस दिसला.

आज रस प्यायले. पेला विसळला
आणि ते पाणी दगडावर ओतलं.
धूळ ओघळली, 'य' वर आला.
बोट घालणार तोच
रसवाला आतून ओरडला,
मावशी, गोड पाणी नका टाकू तिथं,
मुंग्या लागतात.